विक्रांतवर होते म्हणतात! नाशिकमधून नौदल सेवेची नोंद मिळवण्याच्या वाटा, आणि कुठली किती कामाची

‘आजोबा ७१च्या लढाईत विक्रांतवर होते,’ म्हणजे नौदलाच्या विमानवाहू जहाजावर होते, एवढीच माहिती हाताशी असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी हे परीक्षण आहे. घरची ट्रंक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, मानखुर्दचे नौदल दप्तर, माहितीचा अधिकार, राष्ट्रीय अभिलेखागार आणि पैसे घेऊन शोध करून देणारे खासगी लोक, अशा वाटा आहेत. सर्वांत जास्त हाती देणाऱ्या पहिल्या तीन वाटांना टपाल आणि प्रवासापलीकडे जवळजवळ काही खर्च येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटच्या वाटेची बहुतेकांना गरजच पडत नाही.

शोध अडतो तो प्रश्नावर. ‘आमच्या आजोबांची सगळी माहिती द्यावी’ असा अर्ज केला तर समोरच्या कारकुनाला कुठली फाइल काढायची तेच कळत नाही. ‘अमुक सेवा क्रमांकाचे, अमुक नावाचे नौसैनिक १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर १९७१ या काळात कोणत्या जहाजाच्या किंवा तळाच्या पटावर होते, आणि त्यांना कोणती पदके मंजूर झाली’ असे विचारले तर उत्तर एका नोंदीत असते. म्हणून सगळी धडपड आधी सेवा क्रमांकासाठी करायची.

तो क्रमांक बहुधा घरातच असतो. डिस्चार्ज बुक, सर्व्हिस सर्टिफिकेट, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिकाचे ओळखपत्र, कॅन्टीनचे जुने कार्ड, बँकेचे पेन्शन पासबुक, मनिऑर्डरच्या पावत्या, आजीला आलेल्या पत्रांवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, यांतल्या कशावरही तो सापडू शकतो. अंक आणि बऱ्याचदा शेवटी एक इंग्रजी अक्षर असा तो असतो. उतरवून घेताना ते अक्षर गाळू नका. कागद काहीच नसतील तर पदके पाहा. पदकाच्या कडेवर किंवा ताऱ्याच्या मागच्या बाजूला क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. दिवाळीच्या साफसफाईत पदके चिंच किंवा घासणीच्या पावडरने लख्ख करणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या घासण्याने आधी झिजतात ती हीच अक्षरे. कोरड्या मऊ कापडाने पुसा, भिंग आणि तिरका उजेड घ्या, आणि एकेका अक्षराचा फोटो काढा.

डिस्चार्ज बुकात जहाजांची नावे आणि तारखा असतात, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. ‘आयएनएस’ लागले की कुटुंबाला ते जहाज वाटते. नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळांनाही आयएनएसच म्हणतात. शिवाजी हे लोणावळ्याचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र, वलसुरा हे जामनगरचे विद्युत शाखेचे, व्हेंदुरुथी कोचीचा तळ, सरकार्स विशाखापट्टणमचा, आंग्रे मुंबईचा. गरुडा हा कोचीचा आणि हंसा हा गोव्याचा नौदलाचा विमानतळ. हंसा आणि गरुडा या दोन नावांकडे मात्र विशेष लक्ष द्या. विक्रांतवरची विमाने स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकडीची असत. सी हॉक लढाऊ विमाने ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, पाणबुडी शोधणारी अलिझे ३१० ची. ही स्क्वाड्रन्स जहाजावर चढत आणि मोहीम संपली की किनाऱ्यावर उतरत. त्यामुळे विमानाचा मेकॅनिक किंवा दारूगोळा भरणारा माणूस प्रत्यक्ष युद्धात विक्रांतच्या डेकवर असूनही त्याच्या कागदावर किनाऱ्यावरच्या तळाचे नाव दिसू शकते. ‘विक्रांत’ शब्द नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. अर्जात स्क्वाड्रनचा क्रमांक वेगळा विचारा.

उलट्या बाजूची गफलतही तितकीच होते. नौदलाचा पूर्व ताफा १ नोव्हेंबर १९७१ रोजी उभा राहिला आणि विक्रांतच्या बरोबरीने ब्रह्मपुत्रा, बियास, कामोर्ता, कवरत्ती ही जहाजे बंगालच्या उपसागरात होती. कामोर्ताचे नेतृत्व तेव्हा कॅप्टन मनोहर आवटी करत होते. पुढे ते व्हाइस ॲडमिरल झाले, आणि त्या युद्धासाठी त्यांना वीरचक्र मिळाले. या जहाजांवरचा माणूस घरी येऊन ‘आम्ही विक्रांतसोबत होतो’ असे सांगायचा. दोन पिढ्यांनी त्याचे ‘विक्रांतवर होते’ झाले. बियासवर किंवा कवरत्तीवर असणे यात कमीपणा कसला? ती जहाजे विक्रांतला पाणबुडीपासून जपत होती. कागदावर दुसरे नाव निघाले तर ते नाव अभिमानाने लिहा.

तारखांचेही तसेच. ४ डिसेंबर हा नौदल दिन कराचीवरच्या क्षेपणास्त्र बोटींच्या हल्ल्यासाठी पाळला जातो, तो पश्चिमेकडचा. विक्रांत पूर्वेकडे होती. त्याच ४ डिसेंबरला तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले सुरू केले आणि पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला या बंदरांकडे मोहरा वळवला. म्हणून ‘आजोबा विक्रांतवरून कराचीला गेले होते’ ही घरातली गोष्ट दोन वेगळ्या आठवणी एकत्र होऊन झालेली असते. १९६५ च्या युद्धाबाबतही सावध राहा: त्या सप्टेंबरात विक्रांत मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती. आणि विराट १९८७ मध्ये भारतीय नौदलात आली, तेव्हा ७१ ची लढाई विराटवरून लढल्याची नोंद कुठेही सापडणार नाही.

घरात डेकवरचा फोटो असेल तर त्याचा काळ बराचसा अचूक लावता येतो. जहाजाच्या मनोऱ्यावर ‘आर ११’ दिसले तर ती जुनी विक्रांत. पंखा लावलेले, जाडसर विमान म्हणजे अलिझे. सरळ पंखांचे लहान जेट म्हणजे सी हॉक. सी हॅरियर दिसत असेल तर फोटो १९८३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण ती विमाने त्या वर्षाअखेरीस भारतात आली. डेकचे पुढचे टोक उताराच्या फळीसारखे वर उचललेले असेल तर फोटो आणखी नंतरचा किंवा सरळ विराटवरचा. फोटो चौकटीतून काढून मागची बाजू जरूर बघा. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, पेन्सिलीने लिहिलेली तारीख तिथे असते. काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका, वरचा थर काचेवर राहतो. तो काचेसकट स्कॅन करायचा.

आता कार्यालये. नाशिकचे लोक पहिली फेरी चुकीच्या दाराशी मारतात, त्याचे कारणही नाशिकच आहे. नाशिकरोड कॅम्पात तोफखान्याचे अभिलेख कार्यालय आहे, देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण होते, त्यामुळे ‘लष्कराचे दप्तर म्हणजे कॅम्प’ असे समीकरण जिल्ह्यात पक्के बसले आहे. तोफखान्याच्या दप्तरात तोफखान्याच्या जवानांच्याच नोंदी असतात. नौसैनिकाचे पान तिथे असण्याचा प्रश्नच येत नाही.

खरी पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. या कार्यालयाची सेवा या कामासाठी चांगली, पण तिची मर्यादा समजून गेले पाहिजे. तिथे माजी सैनिकांची आणि त्यांच्या पत्नींची नोंदणी होते, ओळखपत्रे दिली जातात, कल्याण संघटक तालुक्यांतही फिरतात. आजोबांनी निवृत्तीनंतर नाव नोंदवले असेल तर क्रमांक, हुद्दा, भरती आणि निवृत्तीच्या तारखा नोंदणीत मिळतात. युद्धातली कामगिरी किंवा जहाजांची यादी या कार्यालयाकडे नसते, ती मागू नये. त्यांचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी: एक, हा क्रमांक, दुसरी, पुढच्या अर्जाला त्यांचे पत्र. नौदलाच्या दप्तराला नातवाने केलेला कोरा अर्ज आणि जिल्हा कार्यालयाच्या पत्रासह गेलेला अर्ज यांत फरक पडतो, कारण अर्जदार खरा वारस आहे की नाही याची शंका तिथेच फिटते. जाताना आजींना, म्हणजे माजी सैनिकाच्या पत्नीला, सोबत न्या किंवा त्यांच्या सहीचे पत्र न्या. वारस म्हणून दप्तरात बहुधा त्यांचेच नाव लावलेले असते. ते नाव कधी माहेरचे असते, कधी वेगळ्या स्पेलिंगचे. तिथेच विचारून घेतले तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

पेन्शन चालू असेल तर संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवरही जन्मतारीख, भरती, निवृत्ती, हुद्दा एवढे दिसते. जहाजे दिसत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा: दहा वर्षांचा करार संपवून बाहेर पडलेल्या बऱ्याच नौसैनिकांना पेन्शन नसे. सिन्नर-निफाडकडचे कितीतरी जण असे परत येऊन शेतीला किंवा कारखान्यात लागले. ते ‘स्पर्श’वर नाहीत म्हणून नौदलात नव्हते असा अर्थ कुणी काढू नये.

नौसैनिकांच्या सेवेचे मूळ दप्तर मुंबईत मानखुर्दला, कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्सकडे. नौदलाचे पेन्शन कार्यालयही मानखुर्दलाच, आयएनएस तानाजीच्या पत्त्यावर. अधिकाऱ्यांच्या नोंदींसाठी मात्र दिल्लीला, नौदल मुख्यालयाला लिहावे लागते. घरचा माणूस लेफ्टनंट, कमांडर असा असेल तर मानखुर्दला लिहून वेळ घालवू नका. लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ, मास्टर चीफ, स्टोकर, स्टुअर्ड, कुक, रायटर असेल तर मानखुर्दच.

मानखुर्दला आधी अर्ज पाठवा, नंतर जा. पत्राशिवाय गेलात तर गेटवर थांबावे लागेल आणि फाइल त्याच दिवशी निघण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा. एका पानात बसवा. सोबत मृत्यूचा दाखला, अर्जदार आणि मृत व्यक्ती यांचे नाते दाखवणारा कागद, अर्जदाराचे आधार, डिस्चार्ज बुक असल्यास तिच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, जिल्हा कार्यालयाचे पत्र. प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही. मूळ कागद कधीही पोस्टात टाकू नका. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा, पुढे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायची वेळ आली तर पहिल्या अर्जाची तारीख म्हणून ती लागते. उत्तरात बोलावले तर पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने कुर्ला, कुर्ल्याला हार्बर लाइन पकडून मानखुर्द. एका दिवसात जाऊन येता येते.

अर्ज परत येण्याचे नेहमीचे कारण नावाचे स्पेलिंग. भरतीच्या वेळी कारकुनाने जे लिहिले ते आयुष्यभर राहिले. पवारचे ‘पोवार’, जाधवचे ‘जाधाव’, शिंदेच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘एच’ गायब, कधी आडनावाऐवजी वडिलांचे नाव, गावाच्या जागी नुसते जिल्ह्याचे जुने ‘नासिक’. जन्मतारीखही शाळेच्या दाखल्याशी जुळेलच असे नाही. अर्जात तुम्हाला माहीत असलेली सगळी रूपे ‘किंवा’ घालून लिहा. भरतीचे वर्ष अंदाजे माहीत असेल तर तेही लिहा. क्रमांक नसलेल्या अर्जात नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि भरतीचे साल या पाच गोष्टींवरच शोध चालतो.

दोन महिने उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. या सेवेबद्दल आमचे मत अतिशय चांगले आहे, फक्त ती पहिल्या दिवशी वापरायची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवर नौदल निवडायचे, १० रुपये भरायचे, आणि तीन हजार अक्षरांच्या आत प्रश्न लिहायचे. चुकीच्या विभागाकडे गेला तर अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची तरतूद कायद्यात आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. प्रतींचा खर्च पानाला २ रुपये.

आरटीआयत दस्तऐवज मागायचा, मत मागायचे नाही. ‘त्यांना पूर्वी स्टार हे पदक का मिळाले नाही?’ याला उत्तर देणे बंधनकारक नाही. ‘त्यांच्या सेवा नोंदीतील पदकांच्या पानाची प्रत द्यावी’ याला आहे. खासगी माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता असते, म्हणून मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा अर्जालाच जोडावा. वीस वर्षांहून जुन्या घटनांबद्दल कायद्याच्या कलम ८ च्या पोटकलम ३ मध्ये वेगळी सवलत आहे. १९७१ च्या नोंदींसाठी ते कलम अर्जात लिहिणे योग्य.

पदकांचा उल्लेख आला म्हणून सविस्तर सांगतो, कारण जहाजाचा पुरावा हरवला असला तरी पदके बरेच बोलतात. पूर्व आघाडीवरच्या सेवेसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार. घरात पूर्वी स्टार असेल तर विक्रांत किंवा तिच्या सोबतची जहाजे हा शोध बरोबर दिशेने आहे. पश्चिमी असेल तर त्या माणसाचे युद्ध अरबी समुद्राच्या बाजूला शोधा. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळातल्या सेवेचे. ते फार जणांना मिळाले, त्यावरून जहाज ठरत नाही. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे पदक तर १९७२ मध्ये सेवेत असणाऱ्यांना सरसकट. पदके चौकटीत लावायची तर उजवीकडून डावीकडे नव्हे, बघणाऱ्याच्या डावीकडून सुरुवात: पूर्वी स्टार, मग संग्राम, सैन्य सेवा पदक असल्यास ते, मग २५ वे वर्ष, शेवटी वीस आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेची. देवळाली कॅम्पात लष्करी गणवेशाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत फिती मिळतात आणि पदके बारवर बसवून मिळतात. काम नीटस होते, पण दुकानदारांचा हात लष्कराच्या पदकांवर बसलेला असतो. क्रम लिहून न्या. आणि हरवलेल्या पदकाच्या जागी प्रतिकृती बसवली तर चौकटीमागे तसे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीने तिच्या कडेवर नाव शोधू नये.

शौर्यपदकाचा दावा घरात असेल तर तो ताबडतोब तपासता येतो. विक्रांतच्या मोहिमेसाठी दोन महावीरचक्रे आणि बारा वीरचक्रे मिळाली. महावीरचक्रांत एक जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश यांचे आणि एक सी हॉक स्क्वाड्रनचे संतोष कुमार गुप्ता यांचे. नावे सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात आहेत. नाव तिथे नसेल तर तो विषय संपला. पण त्याने सेवेचे मोल कमी होत नाही. विक्रांतवर सुमारे ११०० माणसे होती आणि त्यांतली बहुतेक विमानात कधी बसली नाहीत. त्या युद्धात जहाजाच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, वेग कमी ठेवावा लागत होता, आणि तरी विमाने उडवण्यापुरता वारा डेकवर मिळवून देण्याचे काम खालच्या उष्णतेत उभ्या असलेल्या स्टोकर आणि मेकॅनिकांनी केले. घरचा माणूस ‘फक्त बॉयलर रूममध्ये’ होता असे कुणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल मोफत आहे आणि शोधायला सोपे, पण एका नौसैनिकाच्या नावाने तिथे काही हाती लागण्याची आशा ठेवू नका. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणाप्रमाणे युद्ध डायऱ्या, जहाजांचे लेटर ऑफ प्रोसीडिंग्ज (म्हणजे जहाजाच्या हालचालींचे अहवाल) आणि ऑपरेशनल रेकॉर्ड बुके सामान्यतः २५ वर्षांनी खुली करून अभिलेखागाराकडे जायची आहेत. तेव्हा तिथे शोध जहाजाच्या नावाने करायचा, आणि तोही अधूनमधून. जहाज कुठल्या दिवशी कुठे होते हे कळण्यासाठी नौदलाने स्वतः प्रसिद्ध केलेला १९६५ ते १९७५ या काळाचा अधिकृत इतिहास जास्त उपयोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धाचा शोध असेल तर वेगळी गोष्ट. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडे विमानवाहू जहाज नव्हते. स्लूप, कॉर्व्हेट, सुरुंग काढणारी जहाजे होती. पणजोबा ‘विमानांच्या जहाजावर’ होते असे घरात सांगत असतील तर ते व्यापारी जहाजावर तैनात असलेले सैनिक असण्याचाही विचार करा. मृत्यू सेवेत झाला असेल तर राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव मोफत शोधता येते.

पैसे घेऊन शोध करून देणाऱ्यांबद्दल स्पष्ट मत: ७१ साठी नको. परदेशी वंशावळीच्या संकेतस्थळांचे वार्षिक वर्गणीचे करार मुख्यतः ब्रिटिश, अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवर उभे आहेत, १९४७ नंतरच्या भारतीय नौसैनिकाची सेवा नोंद तिथे नसते. इथले मध्यस्थ शेवटी तुमच्याच सहीने मानखुर्दलाच अर्ज पाठवतात. कुणी मूळ डिस्चार्ज बुक ‘दोन दिवसांसाठी’ मागत असेल तर देऊ नका. पैसे खर्चायचेच असतील तर स्कॅनिंगवर खर्चा. झेरॉक्सच्या दुकानात नव्हे, फोटो स्टुडिओत. छायाचित्रे ६०० डीपीआयवर, पुढची आणि मागची बाजू वेगळी, टिफ या फाइल प्रकारात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही प्रत समजू नका. डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू देऊ नका, उष्णतेने जुनी शाई पसरते आणि नंतर पान सोडवता येत नाही. स्कॅनच्या फाइलला नाव देताना सेवा क्रमांक, मग वर्ष, मग जहाज असा क्रम ठेवा. मानखुर्दहून उत्तर आले की त्या पत्राचाही स्कॅन त्याच फोल्डरमध्ये टाका आणि एक झेरॉक्स जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आजींच्या नोंदणीला जोडून घ्या.